निळीच्या नादी लागलेला माणूस

घराघरांतल्या जीन्सचा निळा रंग म्हणजे नीळ. पांढऱ्या कपड्यांना आपण घालतो ती निराळी, ही इंडिगो. एके काळी ती फक्त झाडापासून मिळे. ती प्रयोगशाळेत घडवली जर्मनीच्या आडॉल्फ फॉन बायर यांनी. बायर नावाच्या औषध कंपनीशी मात्र त्यांचा संबंध नाही.

बायर यांचा जन्म १८३५ सालचा, बर्लिनचा. वडील लष्करी अधिकारी आणि भूमापनातले जाणकार. तेराव्या वाढदिवसाला हाती आलेल्या दोन थालरांची या मुलाने खाऊ-खेळणी नाही घेतली, निळीचा खडा आणला! पुढे बुन्सेन आणि केकुले असे गुरू लाभले. १८६५ साली त्यांनी निळीचा पाठपुरावा सुरू केला. १८८० मध्ये नीळ तयार झाली, १८८३ मध्ये तिच्या रेणूची रचना उलगडली. अठरा वर्षं एका रंगापायी! पण ही नीळ झाडाच्या निळीपेक्षा महाग पडे. स्वस्त रीत इतरांनी शोधली आणि १८९७ साली बीएएसएफ कंपनीने ती नीळ बाजारात आणली. बायर यांना १९०५ चं नोबेल मिळालं.

माझी हयात बँकेत कर्जाची कागदपत्रं तपासण्यात गेली. त्यामुळे ही गोष्ट वाचताना माझी नजर म्युनिकवरून चंपारणकडे वळते. तिथल्या कुळाला वीस कठ्ठ्यांच्या बिघ्यातले तीन कठ्ठे निळीसाठी द्यावेच लागत. जर्मन नीळ आली, भाव कोसळले, तेव्हा गोऱ्या मळेवाल्यांनी कुळांना या बंधनातून मोकळं केलं. पण फुकट नव्हे. त्याच्या बदल्यात खंड वाढवला, नाहीतर रोख रक्कम उकळली. धंदा बुडाला मळेवाल्यांचा, हप्ते फेडले कुळांनी. एप्रिल १९१७ मध्ये गांधीजी चंपारणला पोहोचले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बायर वारले. पुढच्या वर्षी कायद्याने तीनकठिया संपली.

यात बायर यांचा दोष काय? काहीच नाही. कोडं सोडवणाऱ्याने कोडं सोडवलं. पण शोधाची झळ कुणाला लागेल, याचा हिशेब प्रयोगशाळेत होत नाही.

म्हणून पुढचा अध्याय मला महत्त्वाचा वाटतो. १९८३ साली अमेरिकेतल्या ॲमजेन कंपनीच्या संशोधकांनी ई. कोलाय या जिवाणूत दुसऱ्या जिवाणूची जनुकं घातली. नीळ त्यांच्या मनातही नव्हती. पण जिवाणू चक्क निळे झाले! जिवाणूत तयार होणाऱ्या इंडोलवर नव्या जनुकांनी प्रक्रिया केली आणि हवा लागताच नीळ बनली. आजही बहुतेक नीळ रासायनिक कारखान्यांतच होते, तरी वाट दिसली आहे. वनस्पतींची कितीतरी मौल्यवान द्रव्यं उद्या अशीच टाक्यांमध्ये पिकतील. पिकोत बापडी. फक्त ते पीक आज ज्यांच्या शेतात उभं आहे, त्यांची विचारपूस या वेळी आधी व्हावी.