गोसेवक मणिभाई देसाई

सुरत जिल्ह्यातील कोसमाडा गावी 27 एप्रिल 1920 रोजी एका शेतकऱ्याच्या घरी मणिभाई देसाई यांचा जन्म झाला. विज्ञानाचे शिक्षण घेत असता 1942 च्या चळवळीने त्यांस ओढून घेतले व कारावासही घडला. पुढे ते सेवाग्रामी महात्मा गांधींच्या सहवासात आले. हे सेवाग्राम आपल्या वऱ्हाडाच्या शेजारचेच, वर्धा जिल्ह्यातील होय.

मार्च 1946 मध्ये गांधीजींनी पुण्याजवळील उरुळी कांचन येथे निसर्गोपचार आश्रम काढला. काही दिवसांनी गांधीजी परतले. मणिभाई मात्र तेथेच राहिले. वयाचे अवघे सव्विसावे वर्ष. आजन्म अविवाहित राहून याच गावाची सेवा करण्याचे व्रत त्यांनी घेतले. परक्या मुलखात, परक्या भाषेत असे पाय रोवून राहणे किती कठीण, हे घर सोडून वसतिगृहात राहिलेल्या मुलांस निराळे सांगावयास नको!

आश्रमात त्यांनी गीर गाई पाळल्या आणि गोपालनाचा बारकाईने अभ्यास केला. गरीब कुणब्याची गाय कडबा-कुटारावर जगते व वासरापुरतेच दूध देते; म्हणून चारा आणि वंश दोन्ही सुधारले पाहिजेत, हे त्यांनी ओळखले. 1967 साली त्यांनी ‘बायफ’ ही संस्था स्थापिली. राष्ट्रपती झाकीर हुसेन यांनी तिचे उद्घाटन केले. होल्स्टीन व जर्सी वळूंचे वीर्य द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे 196 अंशांवर गोठवून ठेवावयाचे आणि कार्यकर्त्याने ते शेतकऱ्याच्या दारी नेऊन गाय फळवावयाची, अशी ही पद्धत. गाईला कोसभर हिंडविण्याचे कारण उरले नाही. संकरित बैलाला वशिंड नीट नसते व वऱ्हाडच्या उन्हात तो लवकर थकतो, ही आपल्या शेतकऱ्यांची तक्रार खोटी नव्हे. तथापि दुधाच्या पैशावर कित्येक घरे सावरली, हेही तितकेच खरे.

या उपायाने एका वळूची हजारो वासरे होतात. पण उत्तम गाय वर्षाकाठी एकच वासरू देणार. ही उणीव गर्भप्रत्यारोपणाने भरून निघते. वॉल्टर हीप यांनी 1890 साली अँगोरा सशाचे दोन गर्भ दुसऱ्या जातीच्या मादीच्या उदरी वाढविले. तो दिवसही 27 एप्रिलच! गाईचे असे पहिले वासरू 1951 साली अमेरिकेत जन्मले. उत्तम गाईला संप्रेरके देऊन एकाच वेळी अनेक बीजे पक्व करतात, तिला फळवितात, सातव्या दिवसाच्या सुमारास गर्भ धुऊन काढतात व साधारण गाईंच्या गर्भाशयात ठेवतात. वासराचा वंश जन्मदात्या गाईचा. वाढविणारी माउली निराळी. उरुळी कांचनच्या केंद्रात पुढे हेही कार्य सुरू झाले.

मणिभाईंस 1968 मध्ये पद्मश्री व 1982 मध्ये मॅगसेसे पारितोषिक लाभले. 14 नोव्हेंबर 1993 रोजी त्यांचे देहावसान झाले. सव्विसाव्या वर्षी घेतलेले व्रत तोवर सत्तेचाळीस वर्षांचे झाले होते.