मेहली मेहता : वाद्यवृंदाचा उपासक

नभोवाणी हेच घरोघरच्या करमणुकीचे प्रमुख साधन होते, त्या काळी मुंबईच्या चाळींपासून पारनेर तालुक्यातील सुप्यापर्यंत असंख्य कुटुंबांचा दिवस आकाशवाणीच्या एका छोट्या धूनने सुरू होत असे. तंबोऱ्याच्या नादावर तरंगणारी ती सुरावट वॉल्टर कॉफमन यांची. नाझी राजवटीच्या छायेतून निसटून १९३४ मध्ये मुंबईस आलेला हा ज्यू संगीतकार. त्या धूनमधील व्हायोलिन मेहली मेहता यांनी वाजविले, असे मानले जाते. धून सर्वांना पाठ झाली. वादकाची ओळख मात्र झुबीन मेहता यांचे वडील एवढीच उरली. हा केवळ एका कलावंतावरील अन्याय नव्हे. ज्या कार्यासाठी त्यांनी आयुष्य वेचले, ते आपल्याकडे मूळ का धरू शकले नाही, हा प्रश्नही त्यामुळे झाकला जातो.

मेहलींचा जन्म २५ सप्टेंबर १९०८ रोजी मुंबईतील पारशी कुटुंबात झाला. त्या समाजात व्हायोलिन हे सुसंस्कृत घराचे भूषण होते, चरितार्थाचे साधन नव्हे. उच्च दर्जाचे शिक्षण देणारे गुरू शहरात दुर्मीळ. त्यामुळे मेहलींचे बरेचसे शिक्षण स्वतःच्या परिश्रमांवरच झाले. कॉफमन यांनी मुंबईत चालविलेल्या छोट्या संगीतसभांत कॉफमन पियानो, एजिदियो व्हेर्गा हे इटालियन वादक चेलो आणि मेहली व्हायोलिन वाजवीत. चौघा-पाचजणांच्या या मेळावर मेहलींचे समाधान होणारे नव्हते. १९३५ मध्ये त्यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. प्रथम दहा वर्षे ते त्याचे प्रमुख व्हायोलिनवादक होते आणि पुढे संचालक झाले.

हे धाडस किती मोठे होते, हे समजण्यास दोन संगीतपद्धतींतील भेद ध्यानी घ्यावा लागतो. आपल्या मैफलीस एक कलावंत, तंबोरा आणि तबला एवढे पुरते. सिंफनीला सत्तर-ऐंशी वादक लागतात. व्हायोलिन, चेलोपासून सनई-तुताऱ्यांच्या पाश्चात्त्य भावंडांपर्यंत सर्व वाद्यांचे कसलेले हात लागतात आणि त्या सर्वांना नियमित तालमीसाठी एकत्र आणील असे वेतन लागते. मेहलींपाशी होते हौशी पारशी, नौदलाच्या बँडमधील वादक आणि गोव्याचे गुणी कलावंत. या शेवटच्यांची चूल चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणावर आणि हॉटेलांतील नृत्यसंगीतावर पेटत असे. दिवसभर पोटासाठी वाजवून सायंकाळी बेथोव्हनसाठी येणाऱ्या माणसांकडून शिस्त कोणत्या तोंडाने मागावी? मेहलींनी ती मागितली आणि मिळविली, यातच त्यांचे मोठेपण आहे.

त्याहून मोठी गोष्ट १९४५ ची. या वर्षी मुंबईतील हा नामवंत वादक पत्नी तेहमिना आणि झुबीन व झरीन ही दोन लहान मुले यांना मागे ठेवून न्यूयॉर्कला गेला व इव्हान गॅलेमियन या विख्यात गुरूंपुढे पुन्हा विद्यार्थी होऊन बसला. लौकिक मिळाल्यानंतर, सदतिसाव्या वर्षी, आपले शिक्षण अपुरे आहे हे मान्य करणे सोपे नसते. सुमारे चार वर्षांनी ते परतले आणि मिळविलेली विद्या त्यांनी पुन्हा मुंबईच्याच वाद्यवृंदास वाहिली.

परंतु एका माणसाच्या निष्ठेवर संस्था किती काळ तगणार? १९५५ मध्ये मेहली मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदात दाखल झाले. त्याचे संचालक सर जॉन बार्बिरोली यांनीही आपली कारकीर्द चेलोवादक म्हणूनच सुरू केली होती. मुंबईत नेतृत्व केलेला हा माणूस तेथे अनेकांतील एक वादक झाला आणि त्यात त्याने कमीपणा मानला नाही. १९५९ पासून त्यांनी फिलाडेल्फियाच्या कर्टिस चतुष्कात वादन केले. १९६४ मध्ये लॉस एंजलीस येथे त्यांनी अमेरिकन यूथ सिंफनी स्थापन केली. तरुण वादकांना व्यावसायिक वाद्यवृंदासाठी घडविणारी ही शाळाच होती. तेहतीस वर्षे त्यांनी ती चालविली. १९ ऑक्टोबर २००२ रोजी, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

मुंबईला जे हवे होते ते मेहलींनी अमेरिकेला दिले, असे म्हणता येईल. पण दोष त्यांच्याकडे जात नाही. शिक्षक निघून गेल्यावर हळहळणारा समाज शिक्षक असताना शाळेचा खर्च उचलत नाही, हा आपला जुना अनुभव आहे. २००६ मध्ये मुंबईत सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला, तेव्हा त्यालाही परदेशी वादकांचा मोठा आधार घ्यावा लागला. मेहलींच्या पहिल्या प्रयत्नानंतर सत्तर वर्षांनीही पुरेसे वादक घरात तयार नव्हते.

त्यांची अमेरिकेतील संस्थाही २०२४ मध्ये बंद पडली. संस्था कोठल्याही देशात अमर नसतात; टिकतात ते शिकविलेले हात. १९९५ मध्ये मुंबईत त्यांच्या नावाने स्थापन झालेल्या प्रतिष्ठानाने मुलांना संगीत शिकविण्याचे काम हाती घेतले, हे म्हणूनच त्यांचे उचित स्मारक होय. वाद्यवृंद सभागृहात जन्मत नाही. तो आठ वर्षांच्या मुलाच्या हाती प्रथम गज देणाऱ्या शिक्षकाच्या खोलीत जन्मतो. त्या शिक्षकाचा योगक्षेम चालविण्याची तयारी नसलेल्या शहराने पुढच्या मेहली मेहतांनाही निरोप देण्याची तयारी ठेवावी.