सगळ्या लाइन्स बिझी का लागतात? एर्लांगची गोष्ट

पुण्यात कॉलेजला होतो तेव्हा दिवाळीच्या सकाळी मोबाईलवरून ०२४० लावून संभाजीनगरच्या घरी लँडलाइनवर फोन करायचो. हमखास टेप वाजायची की या मार्गावरच्या सर्व लाइन्स व्यस्त आहेत. घरचा फोन तर मोकळाच असायचा! मग बिझी काय होतं?

बिझी असायचा तो मोबाईल कंपनीचं एक्स्चेंज आणि लँडलाइनचं एक्स्चेंज यांच्यामधला सांधा. तिथली सर्किट्स मोजकी असतात. ती किती हवीत, याचं गणित मांडलं आग्नर क्रारुप एर्लांगने.

१ जानेवारी १८७८ ला डेन्मार्कमधल्या एका खेड्यात शाळामास्तरांच्या घरी याचा जन्म. १९०१ ला कोपनहेगन विद्यापीठातून एमए, मग काही वर्षं शिकवणं आणि १९०८ ला कोपनहेगन टेलिफोन कंपनीत नोकरी. तिथे केबलची मोजमापं घ्यायला हा गणिती स्वतः रस्त्यावरच्या मॅनहोलमध्ये उतरायचा, सोबत शिडी घेतलेला कामगार. (मी चार वर्षं इंजिनिअरिंग केलं, एकदाही मॅनहोलमध्ये डोकावलो नाही.)

कंपनीची अडचण साधी होती. तारा जास्त टाकल्या तर पैसा वाया, कमी टाकल्या तर गिऱ्हाईक ताटकळणार. समजा तासाभरात २० जण प्रत्येकी ३ मिनिटं बोलणार, म्हणजे एकूण ६० मिनिटं. एक लाइन पुरेल असं वाटतं ना? पण लोक रांग लावून फोन करत नाहीत, कधीही करतात. एर्लांगच्या १९१७ च्या सूत्रानुसार अशा वेळी निम्मे कॉल लागणारच नाहीत! गंमत पुढे आहे. १०० पैकी एकच कॉल अडावा असं ठरवलं, तर या लोडच्या पाचपटीला ११ लाइन्स लागतात, पण शंभरपटीला सुमारे ११७ पुरतात. मोठा सांधा स्वस्तात पडतो तो असा.

आपल्याकडे ट्रायची मर्यादा आहे की या सांध्यावर २०० पैकी एकाहून जास्त कॉल अडू नये. २०१६ ला जिओला पुरेसे सांधे दिले नाहीत म्हणून ट्रायने एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया यांना मिळून ३,०५० कोटींचा दंड सुचवला होता. भांडण एर्लांगच्याच आकड्यांचं.

३ फेब्रुवारी १९२९ ला, पोटाच्या ऑपरेशननंतर, ५१ व्या वर्षी तो गेला. १९४६ ला लोड मोजायच्या एककाला त्याचं नाव मिळालं. वरचे २० जण म्हणजे १ एर्लांग. पुढे एरिक्सन कंपनीने टेलिफोन एक्स्चेंजसाठी बनवलेल्या प्रोग्रामिंग भाषेचं नावही एर्लांगच, आणि व्हॉट्सअ‍ॅपचे सर्व्हर त्याच भाषेवर उभे राहिले.