कु. ॲलिस इव्हान्स

भगिनींनो, दूध तापवल्याशिवाय घरात कुणाला द्यायचे नाही, हा आपल्या सासवांचा आणि आज्यांचा दंडक. तरी धारोष्ण दुधाने अंगात ताकद येते असे म्हणणारेही आपल्यात आहेतच. निरशा दुधातून माणसाला कोणता ताप येऊ शकतो, हे अमेरिकेत ज्या बाईंनी दाखवून दिले, त्या ॲलिस इव्हान्स यांची हकिकत मी लिहीत आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. जंतुशास्त्रातले मला उमगले तेवढेच सांगते.

ॲलिसबाईंचा जन्म २९ जानेवारी १८८१ रोजी पेनसिल्व्हेनियातील नीथ या लहानशा गावी, शेतकऱ्याच्या घरी झाला. कॉलेजला पैसे नव्हते, म्हणून चार वर्षे त्यांनी शाळेत शिकवले. कॉर्नेल विद्यापीठात खेड्यांतल्या शिक्षकांसाठी बिनफीचा वर्ग होता. त्या निमित्ताने त्या तिथे गेल्या आणि शास्त्राची गोडी लागून तिथेच राहिल्या. १९०९ साली पदवी मिळाली, १९१० साली विस्कॉन्सिन विद्यापीठाची एम. एस्. झाली, आणि सरकारच्या दुग्धविभागात नोकरी लागली.

ताज्या दुधातले जंतू तपासणे हे त्यांचे काम. ज्या जंतूने गाई गाभडतात तो निराळा, आणि माल्टा बेटावर शेळीच्या दुधातून माणसांना ताप आणतो तो निराळा, असे सगळे धरून चालत. ॲलिसबाईंनी दोन्ही शेजारी ठेवून पारखले, तर ती सख्खी भावंडेच निघाली! शिवाय दिसायला धडधाकट असलेल्या गाईच्या दुधातही हा जंतू असे. म्हणजे निरसे दूध माणसाला धोक्याचे. १९१७ साली त्यांनी हे शास्त्रज्ञांच्या सभेत मांडले, १९१८ साली छापले. पण मानतो कोण? एक तर बाई, त्यातून डॉक्टरेट नाही. थिओबाल्ड स्मिथ यांच्यासारखे नामांकित शास्त्रज्ञ विरोधात होते, आणि दूधवाल्यांना तर हे रुचणारच नव्हते. पुढे इतरांनी तपासून पाहिले तेव्हा बाईंचेच खरे ठरले.

१९२२ साली हाच जंतू काम करताना त्यांना बाधला. ताप येई, उतरे, महिन्यांनी पुन्हा येई. असे वीसएक वर्षे चालले. तपासणीत जंतू सापडेना, म्हणून डॉक्टर म्हणू लागले, हे मनाचे दुखणे आहे. बायकांच्या दुखण्याला असे नाव देणे आपल्याही ओळखीचे आहे, नाही का? ज्या रोगाची जाणकार म्हणून जग त्यांना ओळखू लागले, तोच त्यांना झाला आहे हे कुणी मानीना. शेवटी एका शस्त्रक्रियेत त्यांच्या शरीरातूनच तो जंतू मिळाला आणि ती तोंडे बंद झाली.

अशा आजारपणातही १९२८ साली अमेरिकेतील जंतुशास्त्रज्ञांच्या संस्थेच्या त्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. १९३० नंतरच्या दशकात तिकडे दूध पाश्चराइझ करूनच विकण्याचे नियम होऊ लागले. त्या एका पद्धतीत दूध ६३ अंशांवर ३० मिनिटे ठेवतात. आपण घरी उकळी आणतो त्यानेही हे जंतू मरतात.

१९४५ साली त्या निवृत्त झाल्या. मग स्त्रियांच्या मंडळांतून व्याख्याने देत, मुलींनी शास्त्रात यावे म्हणून सांगत. ५ सप्टेंबर १९७५ रोजी, ९४ व्या वर्षी त्या वारल्या.