दोन मिनिटे चार सेकंद

खेळाच्या तासाला मैदानाच्या कडेला बसून राहणाऱ्यांपैकी मी एक. मुष्टियुद्धाविषयी तर मनात घृणाच होती. दोन धडधाकट माणसांनी एकमेकांची तोंडे फोडायची आणि हजारोंनी तिकीट काढून ती पाहायची, यात खेळ तो कोणता, असा वाद मी मित्रांशी घालत असे. तरीही अर्थशास्त्राच्या तासाला प्रत्यक्ष कराचे प्रकरण चालू असताना माझ्या डोळ्यांसमोर एक मुष्टियोद्धाच येऊन उभा राहिला, आणि अजून तो हटायला तयार नाही. त्याचे नाव जो लुई.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील अलाबामा राज्यात, लाफायेट गावाजवळ १३ मे १९१४ रोजी तो जन्मला. आठ भावंडांतला सातवा. आईबाप दोघेही पूर्वीच्या गुलामांची मुले. बाप दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणारा; जो दोन वर्षांचा असतानाच त्याची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात झाली. आईने दुसरा घरोबा केला आणि १९२६ मध्ये हे सारे खटले पोटासाठी डेट्रॉइटला आले. पोराने व्हायोलिन शिकावे, ही माउलीची हौस. शिकवणीचे पैसे मात्र व्यायामशाळेत जाऊ लागले, आणि व्हायोलिनच्या पेटीत हातमोजे लपून प्रवास करू लागले, असे सांगतात. मंदीच्या दिवसांत या कुटुंबाला सरकारी मदतीवर जगावे लागले होते. पुढे हाती पैसा येताच लुईने ती सगळी रक्कम शहराला परत केली. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

४ जुलै १९३४ रोजी शिकागोत त्याने पहिली व्यावसायिक लढत पहिल्याच फेरीत जिंकली. मोबदला ५९ डॉलर. त्याचा वस्ताद जॅक ब्लॅकबर्न आणि जॉन रॉक्सबरो व ज्यूलियन ब्लॅक हे दोन व्यवस्थापक, तिघेही कृष्णवर्णीय. त्यांनी शिष्याला ठोशांबरोबर आणखीही काही शिकवले. हरलेल्या गोऱ्या प्रतिस्पर्ध्याकडे पाहून हसायचे नाही. गोऱ्या स्त्रीबरोबर छायाचित्र काढू द्यायचे नाही. रात्रीच्या क्लबात एकट्याने जायचे नाही. याचे कारण जॅक जॉन्सन. हा पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता १९०८ ते १९१५ गादीवर होता. तो उघड हसे, गोऱ्यांना खिजवी, गोऱ्या बायकांशी लग्ने करी. त्याला कायद्यात अडकवून तुरुंगात धाडले गेले, आणि त्याच्यामागून बावीस वर्षे एकाही कृष्णवर्णीयाला ते पद मिळाले नाही. आपल्याकडे कुस्ती मारली की पैलवान फेटा उडवत आखाड्यात फेरी मारतो. कुणाला त्यात वावगे वाटत नाही. लुईला तेवढीही मुभा नव्हती. छायाचित्रांतला त्याचा तो निर्विकार, दगडी चेहरा मला आधी मंद वाटला होता. तो चेहरा घडवलेला होता, हे कळायला मला वेळ लागला.

१९ जून १९३६ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगने त्याला बाराव्या फेरीत लोळवले. डावा ठोसा मारून झाल्यावर लुईचा हात खाली येतो, एवढे एकच वैगुण्य श्मेलिंगने हेरले होते. नाझी प्रचारयंत्रणेने हा विजय वंशश्रेष्ठत्वाचा पुरावा म्हणून मिरवला. पुढच्या वर्षी, २२ जून १९३७ रोजी, जेम्स ब्रॅडॉकला आठव्या फेरीत बाद करून लुई जगज्जेता झाला. पण श्मेलिंगचा हिशेब पुरा होईपर्यंत आपण स्वतःला विजेता मानणार नाही, असे त्याने जाहीर केले.

तो दिवस बरोबर एक वर्षाने, २२ जून १९३८ रोजी आला. मैदान तेच. सुमारे सत्तर हजार प्रेक्षक आणि नभोवाणीपाशी कान लावून बसलेली कोट्यवधी माणसे. ज्या देशात दक्षिणेकडे लुईला गोऱ्यांच्या खाणावळीत बसता येत नव्हते, तोच देश त्या रात्री त्याच्या मुठीवर आपली अब्रू लावून बसला होता. १२४ सेकंदांत सगळे आटोपले. श्मेलिंग तीनदा खाली गेला, त्याच्या मणक्याला इजा झाली, त्याला इस्पितळात हलवावे लागले. हार्लेममध्ये लोक रस्त्यावर उतरून नाचले. बिचारा श्मेलिंग! तो नाझी पक्षाचा सभासदही नव्हता. त्याचा व्यवस्थापक ज्यू होता, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात बर्लिनमध्ये ज्यूंवर हल्ले झाले, तेव्हा त्याने दोन ज्यू मुलांना आपल्या खोलीत लपवून वाचवले. हे जगाला फार उशिरा कळले.

जानेवारी १९४२ मध्ये लुई सैन्यात भरती झाला. अर्थात कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या तुकडीत. त्या सुमारास त्याने दोनदा विजेतेपद पणाला लावले आणि आपली सगळी कमाई एकदा नौदलाच्या व एकदा भूदलाच्या मदतनिधीला दिली. सैनिकांसमोर त्याने प्रदर्शनीय लढती केल्या, त्याही शंभराच्या घरात.

आता माझ्या प्रकरणाकडे येतो. युद्ध संपले आणि कर खात्याने हिशेब मांडला. दान केलेली ती कमाईसुद्धा त्याचे उत्पन्न म्हणून धरली गेली. वरच्या उत्पन्नावर कराचा दर तेव्हा शेकडा ९० च्या आसपास होता. थकबाकी, तिच्यावर व्याज, व्याजावर दंड, असा आकडा पाच लाख डॉलरांच्या वर गेला. साऱ्या कारकिर्दीत त्याच्या नावावर ४६ लाखांहून अधिक डॉलर जमा झाले. त्यातले आठेक लाख त्याच्या हाती पडले, बाकी इतरांच्या. आमच्या सरांशी मी यावर वाद घातला. लुई स्वतः उधळ्या होता, हिशेब दुसऱ्यांवर सोपवून मोकळा झाला होता, आणि कायद्याने माणूस पाहून सूट देऊ नये, असे त्यांचे म्हणणे. ते मला निम्मे पटते. पण मदतीचे पैसे आपण होऊन परत करणारा हा माणूस करबुडवा नव्हता. त्या १२४ सेकंदांचा विजय साऱ्या देशाने वाटून घेतला आणि देण्याचा कागद मात्र एकट्याच्या नावाने निघाला, हे मला अजून पचत नाही.

सलग २५ वेळा विजेतेपद राखून १९४९ मध्ये तो निवृत्त झाला होता. कर्जाने त्याला परत रिंगणात ओढले. १९५० मध्ये एझर्ड चार्ल्सने गुणांवर हरवले. २६ ऑक्टोबर १९५१ रोजी तरुण रॉकी मार्सियानोने आठव्या फेरीत दोरांबाहेर फेकले. १९५३ मध्ये आई वारली. तिने मुलासाठी ठेवलेले ६६७ डॉलरही कर खात्याने घेतले. त्यानंतर तो पोटासाठी नुरा कुस्त्या खेळला. अखेर सरकारने चालू कमाईच्या मानाने वसुली करण्याचे मान्य केले. मधे मनाचा तोल ढळून तो इस्पितळात राहिला. शेवटची वर्षे लास व्हेगासच्या एका जुगारगृहात येणाऱ्याजाणाऱ्यांशी हस्तांदोलन करण्यात गेली. पुढे चाकांच्या खुर्चीत बसूनही तो लोकांना भेटे.

१२ एप्रिल १९८१ रोजी तो वारला. नियमात बसत नसतानाही राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्याला लष्करी इतमामाने जागा दिली. युद्धानंतर श्मेलिंग व्यापारात चांगला श्रीमंत झाला होता. लुईला शोधत तो अमेरिकेत आला, दोघांची मैत्री जमली, आणि अडचणीच्या दिवसांत तो गुपचूप पैसे देत राहिला. अंत्यविधीच्या खर्चाचा काही भागही त्यानेच उचलला.