भागोजी नाईक: म्होरक्या मारला गेला, मग लढाई संपली का?

मनमाडहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारी गाडी पकडली की थोड्याच वेळात अनकाई-टनकाईचे जोडकिल्ले दिसू लागतात. आज हा सगळा भाग एकाच राज्यात आहे. १८५७ साली तसं नव्हतं. मनमाड, नांदगाव, येवला ही गावं कंपनी सरकारच्या मुलखात होती आणि इथून जवळच निजामाची हद्द सुरू व्हायची. इकडे लूट करून तिकडे पळायचं आणि पाठलाग थंडावला की परत यायचं, यासाठी याहून सोयीची जागा नव्हती.

जानेवारी १८५८ मध्ये याच नांदगाव तालुक्यातल्या मांडवडजवळ दाट झाडीत लपलेल्या भिल्ल आणि अरबांच्या टोळीवर कॅप्टन माँटगोमेरीच्या तुकडीने हल्ला केला. तो इंग्रजांना महागात पडला. लेफ्टनंट स्टुअर्ट मारला गेला आणि खुद्द माँटगोमेरी जखमी झाला. मनमाडचं रेल्वे जंक्शन व्हायला तेव्हा अजून काही वर्षं होती.

त्या काळात नाशिक-नगरच्या इंग्रज अधिकाऱ्यांना सर्वात जास्त सतावणारं नाव मात्र मांडवडच्या टोळीतलं नव्हतं. ते होतं सिन्नर तालुक्यातल्या नांदूर शिंगोटेच्या भागोजी नाईकांचं.

सरकारी नोकर ते फरार

भागोजी भिल्ल समाजातले. भिल्लांमध्ये 'नाईक' म्हणजे आपल्या माणसांचा पुढारी. डोंगरवाटांची, गावांची राखण करायची आणि त्या बदल्यात गावाकडून ठरलेला हक्क घ्यायचा, ही या भागातली जुनी पद्धत होती. १८१८ मध्ये पेशवाई गेली. किल्ले इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि त्यांच्यावर जगणारे शेकडो लोक हळूहळू बेकार झाले. भिल्ल, कोळी, रामोशी यांच्या बंडांची मुळं शोधायला गेलं तर बहुतेक वेळा बुडालेला पगार किंवा बुडालेला हक्क हाती लागतो.

इंग्रजांनाही हे कळत होतं. १८२५ मध्ये खानदेशात जेम्स औट्रमने भिल्लांचीच पलटण उभी केली. लुटणाऱ्याला पगार द्या म्हणजे तो राखण करेल, असा साधा हिशोब होता.

भागोजी स्वतः नगर जिल्ह्याच्या पोलिसात होते. म्हणजे ते व्यवस्थेच्या बाहेरचे नव्हते, तिच्या आतलेच होते. १८५५ मध्ये दंगा आणि पोलिसांच्या कामात अडथळा या आरोपाखाली त्यांना शिक्षा झाली. सुटल्यावर वर्षभर चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागण्यात आला. ती मुदत संपते न संपते तोच उत्तरेत उठाव झाला आणि भिल्लांकडची हत्यारं काढून घेण्याचा हुकूम आला.

हत्यार हेच ज्यांच्या रोजगाराचं साधन, त्यांच्यासाठी या हुकमाचा अर्थ काय होता हे वेगळं सांगायला नको. भागोजींनी गाव सोडलं. सुमारे पन्नास माणसं त्यांच्यासोबत आली. गावापासून मैलभरावर, पुणे-नाशिक रस्ता नजरेच्या टप्प्यात येईल अशा जागी त्यांनी मुक्काम ठोकला. आजही नाशिकहून पुण्याला जाताना नांदूर शिंगोटे लागतं.

४ ऑक्टोबर १८५७

नगरचा पोलीस सुपरिंटेंडंट लेफ्टनंट जे. डब्ल्यू. हेन्री पोलीस आणि महसूल खात्याचे शिपाई घेऊन नांदूर शिंगोटेला पोहोचला. आधी बोलणी झाली. सिन्नर आणि संगमनेरच्या मामलेदारांना मध्यस्थी करायला सांगण्यात आलं.

भागोजींनी ठेवलेल्या अटी दोनच होत्या. दोन वर्षांचा थकलेला पगार मिळावा आणि पुढच्या पोटापाण्याची काही सोय व्हावी.

दिल्लीच्या बादशहाचं नाव नाही, राज्य उलथवायची भाषा नाही. निदान इंग्रजांच्या दप्तरात तरी या दोनच मागण्या आहेत. दप्तर लिहिणाऱ्यांना बंडखोराची बाजू मोठी करून दाखवण्याची हौस नव्हती, त्यामुळे या नोंदीवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

हेन्रीने अटी मानल्या नाहीत आणि चढाईचा हुकूम दिला. पहिल्याच गोळीने त्याच्या मागचा माणूस पडला. मग तो स्वतः जखमी झाला, तरी पुढे जात राहिला आणि छातीत गोळी लागून मेला. भिल्ल मागे हटले, पण जिल्ह्याचा पोलीसप्रमुख मारला गेल्याची बातमी डोंगराडोंगरांत पसरली. राहुरीकडे पाथर्जी नाईकाने शंभरेक माणसं गोळा केली. ती टोळी फ्रँक सूटर या अधिकाऱ्याने मोडली. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

१८ ऑक्टोबरला अकोल्याच्या समशेरपूरच्या डोंगरात भागोजींची लष्कराशी पुन्हा गाठ पडली. त्यात लेफ्टनंट ग्रॅहम आणि मुलकी अधिकारी चॅपमन जखमी झाले. भागोजी निसटले.

कोळ्यांची पलटण

आता सरकारपुढे पेच होता. नियमित फौज उत्तरेत अडकलेली. जी होती तिला डोंगर माहीत नव्हते. भिल्लांना भिल्लांविरुद्ध वापरण्यात धोका होता. मग महादेव कोळ्यांची पलटण उभी करायचं ठरलं. डोंगरवाटा त्यांना भिल्लांइतक्याच पाठ होत्या आणि दोन्ही समाजांत जुनी चढाओढ होती.

याच महादेव कोळ्यांमधले राघोजी भांगरे यांना सरकारने अवघ्या नऊ वर्षांपूर्वी, २ मे १८४८ रोजी, ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं होतं. त्यांना पकडलं होतं पंढरपुरात. राघोजी गेले आणि सरकारने तो विषय संपला असं मानलं. ज्यांच्या नायकाला फासावर चढवलं, त्यांच्याच भावकीकडे आता बंदुका देऊन मदत मागायची वेळ आली होती.

कॅप्टन नटॉलने हे काम हुशारीने केलं. कवायतीत वेळ घालवला नाही. कुळांच्या प्रमुखांना गाठलं आणि जो जितकी माणसं आणेल त्याला तितका मोठा हुद्दा देऊ, असं सांगितलं. डिसेंबर १८५७ मध्ये पहिले शंभर जण स्वतःच्या तलवारी-बंदुका घेऊन तयार झाले. पुढे हा आकडा सुमारे ६०० वर गेला.

भागोजींनी मागितलं होतं ते पगार आणि मान. तेच सरकारने दिलं, फक्त भागोजींना नाही. त्यांना मारणाऱ्यांना. नांदूर शिंगोट्यात पन्नास माणसांचा थकलेला पगार देणं किती स्वस्तात पडलं असतं, हा विचार आज कोणाच्याही मनात येईल. हेन्रीच्या जागी उभं राहिलं तर उत्तर इतकं सोपं नाही. त्या ऑक्टोबरमध्ये हत्यारबंद माणसाला पैसे देऊन शांत केल्याची बातमी पसरली असती, तर दुसऱ्या आठवड्यात दहा ठिकाणी तशीच मागणी आली असती.

शेवटचा पाठलाग

भागोजी दोन वर्षं हाती लागले नाहीत. मूळची पन्नासची टोळी कधी वाढायची, कधी विरायची. दूर सातपुड्यात खाज्या नाईकही इंग्रजांशी झुंजत होते. ११ एप्रिल १८५८ ला अंबापाणीला त्यांची मोठी लढाई झाली. पण हे सगळे एका झेंड्याखाली नव्हते. आपापला डोंगर आणि आपापलं भांडण, असाच मामला होता.

जुलै १८५९ मध्ये संगमनेरच्या आग्नेयेला अंभोऱ्याच्या दऱ्यात नटॉलने टोळीला गाठलं. त्यात भागोजींचा मुलगा यशवंत मारला गेला आणि साथीदार हरजी नाईक पकडला गेला. तरीही भागोजी थांबले नाहीत. ऑक्टोबरमध्ये त्यांच्या टोळीने कोपरगावकडचं कोऱ्हाळे लुटलं.

त्यानंतरचा पाठलाग मात्र शेवटचा ठरला. ११ नोव्हेंबर १८५९ रोजी सिन्नर तालुक्यातल्याच मिठसागरे इथे सूटरच्या पोलिसांनी टोळीला घेरलं. भागोजी लढताना पडले. त्यांच्यासोबतचे बहुतेक जण तिथेच मारले गेले. ज्या तालुक्यातून ते बाहेर पडले होते, त्याच तालुक्यात दोन वर्षं आणि महिनाभराने हे संपलं.

आता पलटणीचं काय?

हा प्रश्न आजही पडतो. २ मे २०११ ला ओसामा बिन लादेन मारला गेला. अल कायदा मात्र उरली आणि अमेरिकेची अफगाणिस्तानातली फौज आणखी दहा वर्षं तिथेच राहिली. उलट मे २००९ मध्ये प्रभाकरन मारला गेला आणि एलटीटीईची सशस्त्र लढाई तिथेच थांबली, कारण तोवर तिच्याकडे ना जमीन उरली होती ना फौज. मे २०२५ मध्ये माओवाद्यांचा सरचिटणीस बसवराजू छत्तीसगडमध्ये मारला गेला. सुरक्षा दलांची मोहीम त्यानंतरही थांबली नाही. पण ऑक्टोबरमध्ये भूपतीने साठ साथीदारांसह गडचिरोलीत हत्यारं खाली ठेवली, तेव्हा पुनर्वसनाचा रस्ताही उघडा होता.

भागोजी आणि या संघटना एका माळेत बसत नाहीत. इंग्रजांच्या लेखी ते दरोडेखोर होते, नाशिक-नगरच्या लोकांसाठी क्रांतिकारक आहेत. पण मिठसागऱ्यानंतर सरकारी टेबलावर आलेला प्रश्न तोच होता. म्होरक्या गेला, आता खर्च कशाला?

राघोजींच्या वेळी जे केलं ते या वेळी केलं नाही. टोळी जवळजवळ नष्ट झाली होती, नवा नाईक पुढे आला नव्हता, तरी कोळी पलटण मोडली गेली नाही. ती मार्च १८६१ पर्यंत ठेवण्यात आली. म्हणजे भागोजींच्या मृत्यूनंतर जवळपास सोळा महिने. या काळात डोंगरात मोठी लढाई झाली नाही. पलटण असल्यामुळे झाली नाही की कारणच उरलं नव्हतं, हे सांगणं कठीण आहे. एक गोष्ट मात्र नक्की. ते सोळा महिने ६०० घरांत पगार जात होता आणि उठाव करू शकतील अशी माणसं सरकारच्याच हजेरीपटावर होती. शत्रू संपल्यावरही चालू राहिलेली ती 'लढाई' खरं तर रोजगार होती.

मार्च १८६१ मध्ये पलटण विसर्जित झाली. थोड्यांना पोलिसात घेतलं, बाकीचे परत शेतीकडे आणि मजुरीकडे गेले. भिल्लांच्या वाट्याला तेवढंही आलं नाही.

फ्रँक सूटर १८६४ मध्ये मुंबईचा पोलीस कमिशनर झाला आणि १८८८ पर्यंत त्या पदावर राहिला. १८६९ मध्ये नाशिक हा स्वतंत्र जिल्हा झाला. मनमाडवरून रेल्वे धावू लागली, व्यापार वाढला आणि त्यासोबत सावकारही डोंगरापर्यंत पोहोचले.

१८७३ मध्ये त्याच डोंगरांत पुन्हा एक टोळी उभी राहिली. या वेळी निशाण्यावर सावकार होते आणि म्होरक्या होता होन्या केंगले, महादेव कोळी. त्याला पकडायला सरकारला तीन वर्षं लागली. १८७६ मध्ये मेजर डॅनियलने त्याला धरलं, तोवर पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या होत्या. १८७९ मध्ये सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जाचा कायदा आणला.