कोपराची वाट दाखविणारा शल्यविशारद

नागपूरच्या ‘मेडिकल’मध्ये असो वा ‘मेयो’मध्ये, शस्त्रक्रियागृहात उभ्या राहणाऱ्या प्रत्येक डॉक्टरच्या ओठी एक परदेशी नाव असते. टोकाशी दाते असलेला चिमटा त्या नावाने मागितला जातो. निखळलेला खांदा बसविण्याची एक रीत त्याच नावाने शिकविली जाते. दुचाकीवरून पडून कोपर मोडलेल्या रुग्णाच्या सांध्यात शिरण्याची एक वाटही त्याच नावाने ओळखली जाते. हे नाव थिओडोर कोखर यांचे.

कोखर यांचा जन्म 25 ऑगस्ट 1841 रोजी स्वित्झर्लंडमधील बर्न येथे झाला. बर्न विद्यापीठातून 1865 मध्ये पदवी घेतल्यावर त्यांनी युरोपातील नामांकित शल्यविशारदांचे काम जवळून पाहिले. खांदा बसविण्याची पद्धत त्यांनी 1870 मध्ये मांडली आणि 1872 मध्ये ते बर्न येथे शस्त्रक्रियेचे प्राध्यापक झाले. ते पद त्यांनी अखेरपर्यंत, तब्बल 45 वर्षे भूषविले.

कोपर हा मोठा अवघड सांधा. दंडाचे एक आणि हाताची दोन अशी तीन हाडे तेथे एकत्र येतात आणि बोटांना चालना देणाऱ्या नसा त्यांना अगदी खेटून जातात. सुरी जराशी चुकली, तर हाड सांधले जाते. पण बोटे लुळी पडतात. त्या काळी सांधे उघडण्याची वेळ प्रामुख्याने क्षयाने किडलेल्या हाडांमुळे येई. स्नायू आडवे कापण्याऐवजी दोन स्नायूंमधील नैसर्गिक फटीतून आत जावे आणि नसांना धक्का लागू देऊ नये, हे कोखर यांचे सूत्र होते. कोपराच्या बाहेरच्या अंगाने जाणारा त्यांचा मार्ग याच विचारातून निघाला. अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचा माथा फुटला, तर अस्थिरोगतज्ज्ञ आजही हा मार्ग वापरतात. त्या वेळी रुग्णाचा तळवा खाली वळवून ठेवतात, म्हणजे महत्त्वाची नस सुरीपासून दूर सरकते. दंडाच्या हाडाचे खालचे टोक चुरगळले असेल, तर मात्र मागच्या बाजूने शिरावे लागते. प्रसंगी कोपराचे टोक कापून बाजूला घेऊन शेवटी पुन्हा जोडावे लागते. कोखर यांच्या शस्त्रक्रियाशास्त्रावरील ग्रंथाची पहिली आवृत्ती 1892 मध्ये निघाली. पुढे अनेक भाषांत त्याची भाषांतरे झाली.

त्यांची खरी कसोटी लागली ती गलगंडाच्या शस्त्रक्रियेत. आल्प्सच्या डोंगराळ मुलखात हा आजार घरोघरी होता आणि शस्त्रक्रियेत रक्तस्रावाने रुग्ण दगावत. शांत, सावकाश आणि कमीत कमी रक्त सांडणारे काम करून कोखर यांनी हे मृत्यू आटोक्यात आणले. 1874 मध्ये त्यांनी 11 वर्षांच्या एका मुलीची संपूर्ण थायरॉईड ग्रंथी काढली. जखम उत्तम भरली. मुलीचा स्वभाव पार बदलल्याचे तिच्या डॉक्टरांनी नंतर कळविले. पण त्याचा अर्थ तेव्हा कोणाच्याच ध्यानात आला नाही. पुढे 1882 मध्ये जिनिव्हाच्या रेव्हर्दाँ यांच्याकडून तसाच अनुभव ऐकल्यावर कोखर यांनी आपले जुने रुग्ण परत बोलाविले. ती मुलगीही आली. धाकटी बहीण तिच्याहून कितीतरी उंच झाली होती. हिची मात्र वाढ खुंटली होती, चेहरा सुजला होता आणि बुद्धी मंदावली होती. संपूर्ण ग्रंथी काढलेल्या आणि पुन्हा तपासलेल्या 18 रुग्णांपैकी 16 जणांत हा ऱ्हास आढळला.

ज्या शस्त्रक्रियेने कीर्ती दिली, तिनेच माणसे अधू केली होती. कोखर यांनी हे झाकले नाही. 1883 मध्ये बर्लिनच्या शल्यविशारदांच्या परिषदेत त्यांनी सारे मांडले आणि साध्या गलगंडासाठी संपूर्ण ग्रंथी काढणे सोडून दिले. या ग्रंथीचे शरीरातील कार्य जगाला उमगण्यात या कबुलीचा मोठा वाटा होता.

थायरॉईडवरील कार्याबद्दल 1909 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळविणारे ते पहिले शल्यविशारद. पुढे बर्नमधील संशोधनासाठी त्यांनी मोठी देणगी दिली. 27 जुलै 1917 रोजी बर्न येथेच त्यांचे निधन झाले. आपल्या हातून झालेली हानी रुग्णांना परत बोलावून तपासण्याचा त्यांचा धडा कोपराच्या वाटेइतकाच मोलाचा आहे.